न खोडतां येणारी वही

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाची मिळकत आज पेटींत किंवा कोनाड्यांत नसते. ती दुसऱ्याच्या वहींत असते. मुलुंडच्या पेन्शनराची ठेव बँकेच्या वहींत, बोरिवलीच्या बिऱ्हाडाची सदनिका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या नोंदवहींत, अंधेरीच्या नोकरदाराचा भविष्यनिर्वाह निधि सरकारी दप्तरांत, आणि घाटकोपरच्या गृहिणीची भिशी शेजारणीच्या दोनशें पानी वहींत. या वह्या ज्यांच्या हातीं असतात, त्यांना घरांतल्या कोणीं सहसा पाहिलेलेंहि नसतें. तरी संसार चालतो, कारण वही खरी आहे असें सर्व जण धरून चालतात. ज्या दिवशीं हें गृहीत खोटें ठरतें, त्या दिवशीं वही कशी राखावी या प्रश्नाचा विचार करण्याची पाळी येते.

असा दिवस उपनगरांवर २०१९ सालीं आला. भांडुप येथें मुख्य कचेरी असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर त्या वर्षीच्या २३ सप्टेंबरच्या हुकुमानें रिझर्व बँकेनें निर्बंध घातले. सहा महिन्यांत प्रत्येक खातेदारानें एक हजार रुपयांपेक्षां अधिक काढूं नयेत, असा पहिला नियम होता. मर्यादा पुढें टप्प्याटप्प्यानें वाढली. पण कोणाचें औषधपाणी, कोणाचें घरांतलें कार्य, कोणाच्या मुलांची फी तोंवर अडून राहिलीच. २५ जानेवारी २०२२ रोजीं ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेंत विलीन झाली, आणि मोठ्या ठेवीदारांच्या रकमांची फेड दहा वर्षांपर्यंत लांबली.

या प्रकरणांत ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, ठेवीदारांचीं पासबुकें खोटीं नव्हतीं. बिघाड दुसऱ्या बाजूस होता. बँकेनें दिलेल्या कर्जांपैकीं सुमारें ७३ टक्के एकाच बांधकाम-समूहाकडे अडकलेलीं होतीं. पोलिसांकडे दाखल झालेल्या तक्रारीप्रमाणें त्या समूहाचीं ४४ मोठीं कर्जखातीं झांकण्यासाठीं एकवीस हजारांहून अधिक बनावट लहान खातीं दाखविण्यांत आलीं. सारांश, घरांत वापरावयाची यादी एक आणि तपासणीसांपुढें ठेवावयाची यादी दुसरी. कीर्द-खतावणी जाणणाऱ्या कोणासहि हा रोग नवा नाहीं. नवें आहे तें त्यावर शोधलें जाणारें औषध.

त्या औषधाचें नांव ब्लॉकचेन. हा शब्द ऐकतांच बहुतेकांच्या डोळ्यांपुढें बिटकॉइन, सट्टा आणि एका रात्रींत झालेले किंवा बुडालेले लखपति येतात. तो भाग क्षणभर बाजूस ठेवला, तर मूळ कल्पना अगदीं साधी आणि मराठी माणसास परिचित अशी आहे. मराठी राज्यांतील कारकून लांब पत्र लिहितांना कागदाचे बंद एकाखालीं एक चिकटवीत. मधलाच एकादा बंद काढून तेथें दुसरा कोणीं जोडूं नये म्हणून जोडाच्या पाठीवर शिक्का उमटवीत. शिक्क्याचा अर्धा भाग वरच्या बंदावर, अर्धा खालच्या. मजकूर संपला कीं तेथें मोर्तब होई, म्हणजे पुढें कोणास ओळ वाढवितां येऊं नये. ब्लॉकचेन म्हणजे पानांची अशीच सांखळी. फरक एवढाच कीं तिचा शिक्का शाईचा नसून गणिताचा असतो.

या गणिती शिक्क्यास ठसा म्हणणें सोयीचें. मजकूर एका ओळीचा असो वा ग्रंथाएवढा असो, त्यावर ठराविक क्रिया केली कीं एक ठराविक लांबीची संख्या हातीं येते. आज सर्वत्र रूढ असलेला एस्‌एच्‌ए-२५६ नांवाचा ठसा अमेरिकेच्या मानक-संस्थेनें २००१ सालीं प्रसिद्ध केला. तो चौसष्ट अक्षरांत मावतो. मूळ मजकुरांतला एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा सर्वस्वी निराळा होतो, आणि ठशावरून मूळ मजकूर उलटा काढतां येत नाहीं. प्रत्येक पानावर मागील पानाचा ठसा लिहिला, तर मागचें कोणतेंहि पान बदलणाऱ्यास पुढचीं सारीं पानें बदलावीं लागतात.

स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोघां अमेरिकन संशोधकांनीं ही युक्ति १९९१ सालीं मांडली. पुढें १९९५ पासून त्यांच्या पद्धतीनें तयार झालेला ठसा दर आठवड्यास न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राच्या छोट्या जाहिरातींत छापला जाऊं लागला. घरोघरीं आणि ग्रंथालयांत गेलेल्या त्या अंकांतून तो ठसा परत गोळा करून बदलणें कोणाच्या आवांक्यांतलें नव्हतें. म्हणजे वहीचें रक्षण कुलपानें नव्हे, तर प्रसिद्धीनें झालें. सातोशी नाकामोतो या टोपणनांवानें ३१ ऑक्टोबर २००८ रोजीं प्रसिद्ध झालेल्या नऊ पानी निबंधानें पुढचें पाऊल टाकलें. वहीची एकच प्रत एका पेढीवर न ठेवतां ती हजारों यंत्रांवर ठेवावी, आणि पुढचें पान कोणीं लिहावें हें कोणा अधिकाऱ्यानें न ठरवितां सर्वांस मान्य अशा नियमानें ठरावें, ही ती योजना. जानेवारी २००९ मध्यें ती वही सुरू झाली. आजतागायत ती कोणा एका मालकावांचून चालू आहे.

भांडुपच्या प्रकरणाशीं याचा संबंध आतां स्पष्ट होईल. अशा वहींत एकास एक पान आणि दुसऱ्यास दुसरें पान दाखवितां येत नाहीं. सर्वांच्या हातीं तीच प्रत असते आणि ठसे ताडून पाहण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. ‘सर्वांस एकच वही दिसते काय?’ या प्रश्नास ब्लॉकचेननें समाधानकारक उत्तर दिलें आहे. परंतु घरधन्याच्या मनांत दुसराहि प्रश्न असतो, आणि तो अधिक कठीण आहे: ‘वहींत लिहिलेलें खरें आहे काय?’ न खोडतां येणाऱ्या वहींत खोटें लिहिलें, तर तें खोटेंहि न खोडतां येणारेंच होतें.

याचा प्रत्यय दूर जाऊन घ्यावयास नको. गोरेगांव आणि प्रभादेवी येथें तिजोऱ्या असलेल्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेंत फेब्रुवारी २०२५ मध्यें रिझर्व बँकेच्या तपासणीसांनीं रोकड मोजली, तेव्हां पुस्तकांत दिसणाऱ्या रकमेपैकीं सुमारें १२२ कोटी रुपये तिजोरींत नव्हते. १३ फेब्रुवारीस निर्बंध जाहीर झाले आणि उपनगरांतील शाखांपुढें पुन्हां रांगा लागल्या; ऑगस्टमध्यें ती बँक सारस्वत बँकेंत विलीन झाली. येथें उणीव वहीच्या ठशांत नव्हती. वहीनें ‘आहे’ म्हटलें, आणि तिजोरीनें ‘नाहीं’ म्हटलें. जगांतील कोणतीहि सांखळी नोटांचीं पुडकीं मोजूं शकत नाहीं. त्याला कोणीतरी तिजोरी उघडून आंत पाहावेंच लागतें.

म्हणूनच गेल्या दहा-बारा वर्षांत या शास्त्रांतील संशोधनाचा ओघ बदललेला दिसतो. वही न बदलणारी कशी करावी हा प्रश्न आतां जुना झाला. वहीच्या मालकाकडून सत्याचा पुरावा कसा घ्यावा, आणि तोहि त्याचीं सारीं गुपितें न उघडतां कसा घ्यावा, याकडे लक्ष लागलें आहे. भांडुपहून कांहीं मैलांवर, पवईच्या तलावाकांठीं असलेल्या आय. आय. टी. मध्यें या प्रश्नावर काम झालें आहे.

प्रश्न असा. ज्या पेढ्या लोकांचीं अंकीय नाणीं सांभाळतात, त्यांच्यापाशीं खरोखर तेवढीं नाणीं आहेत कीं नाहींत? टोकियो येथील माउंट गॉक्स ही पेढी फेब्रुवारी २०१४ मध्यें बुडाली, तेव्हां साडेआठ लाख बिटकॉइन नाहींसे झाल्याचें सांगण्यांत आलें. नोव्हेंबर २०२२ मध्यें एफ्‌टीएक्स ही पेढी कोसळली, तेव्हां ग्राहकांचे अब्जावधि डॉलर जागेवर नव्हते. आपल्या तिजोऱ्या कोणत्या हें पेढीनें जाहीर केलें तर चोरांचें फावतें. न केलें तर ठेवीदार अंधारांत राहतो. पवईच्या संस्थेंतील प्राध्यापक सरवणन विजयकुमारन यांनीं विद्यार्थ्यांसह २०१९ सालीं एमप्रूव्ह आणि रेव्हेलिओ या दोन पद्धति मांडल्या. पहिली मोनेरो नाण्यासाठीं, दुसरी ग्रिन नाण्यासाठीं. सार्वजनिक वहींतील असंख्य नोंदींपैकीं आपल्या कोणत्या हें न सांगतां, पेढी आपल्या एकूण साठ्याचा पुरावा देऊं शकते, हा त्यांचा गाभा. शिवाय दोन पेढ्यांनीं संगनमतानें तेंच धन आपापलें म्हणून दाखविल्यास तें उघडकीस येतें. लग्नकार्यांत शेजारणीचे दागिने मागून आणून आपले म्हणून मिरविणें आणि दुसऱ्या दिवशीं त्याच दागिन्यांनीं शेजारणीनें मिरविणें, हा प्रकार या गणितानें रोखला जातो.

कांहींहि न उघडतां पुरावा देणें ही गोष्ट जादूसारखी वाटते, पण तिच्यामागील विचार घरगुती उदाहरणानें समजतो. एक आजीबाई म्हणतात कीं देवगडचा हापूस आणि दुसऱ्या गांवचा हापूस त्यांना नुसत्या वासावरून ओळखतां येतो. नातू पाठीमागें हात नेऊन दोन फळांची अदलाबदल करतो, किंवा करीत नाहीं, आणि विचारतो. एकदां बरोबर उत्तर आलें तर तो योगायोग असेल. पण सलग वीस वेळां बरोबर आलें, तर नुसत्या अंदाजानें तसें घडण्याचा संभव दहा लाखांत एक इतकाच उरतो. नातवाची खात्री पटते. तरी वास कसा ओळखावा हें त्याला मुळींच कळलेलें नसतें. गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ यांनीं १९८५ सालीं या विचारास गणिताचें रूप दिलें, आणि आज या क्षेत्रांतील संशोधनाचा फार मोठा भाग त्याच पायावर उभा आहे.

साठा दाखविला म्हणजे पुरावा पुरा झाला असें मात्र नव्हे. पेढीचें देणें किती हेंहि कळलें पाहिजे. नाहींतर शंभर रुपये दाखवून दोनशें रुपयांच्या ठेवी लपवितां येतील. त्यासाठीं राल्फ मर्कल यांनीं १९७९ सालीं सुचविलेल्या वृक्षरचनेचा उपयोग होतो. प्रत्येक ठेवीदाराची शिल्लक म्हणजे झाडाचें एक पान. दोन दोन पानांची बेरीज आणि ठसा मिळून एक डहाळी, दोन डहाळ्यांची मिळून एक फांदी, आणि शेवटीं बुंध्याशीं एकूण देणें. बुंध्याचा ठसा जाहीर केला कीं प्रत्येक ठेवीदारास आपलें पान त्या झाडांत आहे कीं नाहीं हें ताडून पाहतां येतें. दहा लाख ठेवीदार असले तरी त्याला अवघ्या वीस पायऱ्या चढाव्या लागतात. २०१५ सालच्या प्रोव्हिजन्स या पद्धतीनें तर दुसऱ्या कोणाची शिल्लक न दिसतां देणें आणि साठा यांचा मेळ दाखविण्याची सोय केली. येथें तपासणीस एक नसतो. पासबुक बाळगणारा प्रत्येक जण तपासणीस होतो. मात्र बहुसंख्य ठेवीदारांनीं हा आळस केला, तर न तपासलेलीं पानें गाळून झाड लहान करून दाखविण्यास वाव राहतो.

वहीच्या रक्षणांत माणूस किती महत्त्वाचा, याचा धडा मुंबईनें अलीकडेच घेतला. येथील वझीरएक्स या नाणे-पेढीच्या एका तिजोरींतून १८ जुलै २०२४ रोजीं सुमारें २३ कोटी डॉलरचीं अंकीय नाणीं चोरीस गेलीं. ती तिजोरी अनेकांच्या सह्यांवांचून उघडत नसे. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणें सह्या करणाऱ्यांच्या पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि प्रत्यक्षांत सही दुसऱ्याच व्यवहारावर होत होती. अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनीं जानेवारी २०२५ मध्यें ही चोरी उत्तर कोरियाच्या हस्तकांची असल्याचें संयुक्त निवेदनांत म्हटलें. वहीनें आपलें काम चोख केलें: चोरीची नोंद तिनें बिनचूक करून ठेवली. पण वहीच्या अलीकडची खिडकी, जिच्यांतून माणूस वहीकडे पाहतो, तीच फसवी निघाली. त्या खिडकीची खात्री कशी करावी, हाहि आज संशोधनाचा विषय आहे.

दुसरी अडचण वेगाची. हजारों यंत्रांनीं प्रत्येक ओळ लिहून ठेवावयाची म्हणजे काम मंद होणारच. बिटकॉइनच्या वहींत सेकंदास सातच्या आसपास व्यवहार बसतात. उलट एका राष्ट्रीय महामंडळाच्या मध्यवर्ती यंत्रणेवर चालणाऱ्या यूपीआय पद्धतीनें ऑगस्ट २०२५ या एका महिन्यांत दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार पार पाडले, म्हणजे सरासरीनें सेकंदास सात हजारांहून अधिक. यावर तोड अशी निघाली कीं, व्यवहार बाजूच्या वहींत करावे आणि ते नियमानें झाल्याचा छोटा पुरावाच मुख्य वहींत नोंदवावा. या वाटेनें निघालेल्या जगांतील प्रमुख मंडळींत जयंती कनानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन यांनीं २०१७ सालीं मुंबईंत सुरू केलेला मॅटिक हा प्रकल्प होता. २०२१ सालीं त्याचें पॉलिगॉन असें नामांतर झालें. त्याच्या प्रयोगवहीचें नांव ‘मुंबई’ असें होतें. देशोदेशींचे कारागीर २०२४ पर्यंत आपले प्रयोग आधीं ‘मुंबई’वर करून पाहत. विजेच्या अफाट खर्चाचा आक्षेपहि अंशतः दूर झाला आहे. इथेरियम या वहीनें १५ सप्टेंबर २०२२ रोजीं पान लिहिण्याची पद्धति बदलली, आणि तिच्या प्रवर्तकांच्या अंदाजाप्रमाणें विजेचा खप ९९ टक्क्यांहून अधिक उतरला. बिटकॉइनची जुनी खर्चिक पद्धति मात्र तशीच आहे.

पैशापलीकडे दाखल्यांच्या क्षेत्रांतहि हा विचार शिरला आहे. गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्ली येथें २०२२ सालीं सुमारें ६५ हजार जातीच्या दाखल्यांचे ठसे पॉलिगॉनच्या वहींत नोंदविण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. दाखला बनावट आहे काय, हें कोणत्याहि कचेरींतून क्षणांत ताडतां यावें, हा हेतु. त्याच वर्षीं इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें एक नवें मानक मान्य केलें. त्याअन्वयें माणसाची ओळख कोणा एका कंपनीच्या दप्तरावर अवलंबून न राहतां त्याच्याच हातीं राहूं शकते. विलेपार्ल्याच्या विद्यार्थ्यानें उत्तीर्ण झाल्याचें दाखवावें पण गुण दाखवूं नयेत, किंवा वय अठराहून अधिक असल्याचें सिद्ध करावें पण जन्मतारीख सांगूं नये, असें या पद्धतींनीं शक्य होत आहे. तरीहि एटापल्लीच्या दाखल्यामागची चौकशी कोणा अधिकाऱ्यानेंच करावयाची असते. सांखळी नकल पकडील. मूळ चौकशींतली चूक किंवा लबाडी पकडणार नाहीं.

एवढ्यावरून सहकारी बँकांनीं आपला कारभार उद्यां ब्लॉकचेनवर न्यावा, असा निष्कर्ष काढणें घाईचें होईल. ठेवीदारांच्या शिलका जगजाहीर होऊं नयेत हें उघड आहे, आणि हजारों अनोळखी यंत्रांची बँकेस गरजहि नाहीं. पण त्या शास्त्रांतील जें सार आहे तें नाण्यावांचून आणि सट्ट्यावांचून घेतां येतें. एकाद्या बँकेनें रोज रात्रीं आपल्या कर्जवहीचा आणि ठेववहीचा ठसा काढून तो वृत्तपत्रांत छापला, तर मागाहून पानें बदलणें अशक्य होईल. तोच ठसा तपासणीसांच्या हातीं असला, तर घरची यादी एक आणि दाखवावयाची दुसरी, हा प्रकार पहिल्याच पडताळणींत उघडा पडेल. प्रत्येक ठेवीदारास आपलें पान झाडांत शोधण्याची सोय झाली, तर देण्याचा आंकडा फुगवितां किंवा दडवितां येणें कठीण होईल. उरेल तें तिजोरी उघडून पाहण्याचें आणि कर्जदाराचें घर पाहून येण्याचें काम. तें माणसाचें आहे आणि माणसाचेंच राहील.

तोंवर घरधन्यास आधार आहे तो कायद्याचा. ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेंतील प्रत्येक ठेवीदाराची पांच लाख रुपयांपर्यंतची ठेव विम्यानें सुरक्षित आहे. त्यापूर्वीं ही मर्यादा एक लाखाची होती. सर्व पुंजी एका वहींत न ठेवण्याचा वडिलधाऱ्यांचा सल्ला या कायद्याशीं जुळणाराच आहे. पण विमा नुकसान भरून देतो. विश्वास भरून देत नाहीं. उपनगरांतील पतपेढ्या, गृहनिर्माण संस्था आणि बँका उभ्या राहिल्या त्या ‘वही सर्वांची आहे’ या सहकाराच्या तत्त्वावर. वार्षिक सभेंत हिशेबाचा कागद हातीं येतो, तेव्हां सभासदानें तो घडी करून खिशांत ठेवावा, कीं उभें राहून विचारावें, ‘हीच यादी तपासणीसांपुढें गेली काय, आणि तिजोरी शेवटची कोणीं मोजली?’ संशोधकांनीं गणिताच्या भाषेंत हेच दोन प्रश्न विचारले आहेत. मराठींत ते विचारण्यास कोणत्याहि यंत्राची वाट पाहावी लागत नाहीं.